सावित्रीबाई फुले यांचीं तीन घरगुती पत्रें

घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिनोली हें गांव लागतें. गेल्या हिंवाळ्यांत तेथील एका गृहस्थांनीं आपल्या घरचें दप्तर पाहण्यास आम्हांस बोलाविलें होतें. माळ्यावरची लांकडी पेटी खालीं काढून तींतील रुमाल सोडले, तेव्हां कर्जरोखे, सारापावत्या, एक वाटणीपत्र आणि सावकाराच्या खात्याचे उतारे असें बरेंच कांहीं निघालें. पुरुषांनीं पुरुषांस लिहिलेलीं कांहीं पत्रेंही होतीं. घरांतील एकाही बाईच्या हातचें पत्र मात्र त्यांत नव्हतें. विचारतां घरच्या आजी म्हणाल्या, "बायकांच्या कार्डांत काय असायचं? ख्यालीखुशाली. चुलीत गेलीं तीं." एक कार्ड तेवढें वांचलें होतें, तेंही त्याच्या कोऱ्या जागेवर कोणीं दुधाचा हिशेब मांडून ठेविला होता म्हणून.

आजींस बोल लावण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. राजवाडे यांनीं सन १८९८ त 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून कागद जमविण्याचें जें काम महाराष्ट्रांत झालें त्यास तोड नाहीं. परंतु त्या कागदांत स्वारी, सनद, वतन व निवाडा यांस जशी जागा मिळाली तशी माहेरीं आजारी पडलेल्या बाईच्या पत्रास मिळाली नाहीं. गोपिकाबाईंचीं पत्रें आपण जपलीं, तीं पेशव्याच्या आजीचीं म्हणून. एरवीं जें चुलीनें केलें तेंच संशोधकांच्या दृष्टीनेंही केलें. याचा परिणाम असा झाला कीं, गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत जो नवा काळ आला त्याविषयीं लोकांच्या मनांत काय चाललें होतें, हें आपण मुख्यतः छापील निबंधांवरून ठरवितों. निबंधकार आपली धास्ती अगोदर मताच्या साच्यांत घालतो आणि मग वाचकांपुढें ठेवितो. घरगुती पत्रांत ती साच्याबाहेर असते.

नव्या काळाविषयींची अस्वस्थता म्हटली म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर आठवतात. सन १८७४ त सुरू झालेल्या निबंधमालेंत ती मोठ्या आवाजानें बोलली आहे. इंग्रजी विद्या आली पण स्वत्व चाललें, असें तिचें थोडक्यांत स्वरूप सांगतां येईल. ज्यांच्या घरीं पिढ्यानपिढ्या विद्या होती त्यांची ही अस्वस्थता होय. गमावण्यास जवळ कांहीं तरी असावें लागतें. आगरकरांनीं विद्यार्थिदशेंत आईस लिहिलेलें पत्र सर्वांस ठाऊक आहे. मुलगा मोठ्या पगाराची नोकरी करील ही आशा आईनें धरूं नये, असें त्यांत त्यांनीं कळविलें. मुलास मिळालेल्या नव्या शिक्षणाचें फळ आईच्या पदरीं पडावयाचें नाहीं, हें सांगण्यास निबंध कामास येत नाहीं. तेथें पत्रच लागतें. पण ज्यांच्या घरांत अक्षरच नव्यानें शिरत होतें, त्यांच्या मनांत या काळाविषयीं कोणती धास्ती होती? या प्रश्नाचें उत्तर निबंधमालेंत सांपडण्यासारखें नाहीं. सावित्रीबाई फुले यांच्या तीन पत्रांत तें थोडेंबहुत सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजीं साताऱ्याकडील नायगांव येथें झाला. सन १८४८ पासून पुण्यांत मुलींच्या शाळेंत त्यांनीं शिकविलें, हें नव्यानें सांगावयास नको. सन १८५४ त, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, त्यांचा 'काव्यफुले' हा संग्रह प्रसिद्ध झाला. 'इंग्रजी शिका', 'इंग्रजी माऊली' अशीं त्यांतील कांहीं कवितांचीं नांवेंच आहेत. म्हणजे छापील पानावरच्या सावित्रीबाईंस नव्या काळाविषयीं शंका नाहीं. सदर तीन पत्रें त्यांनीं जोतीरावांस लिहिलेलीं आहेत. पहिलें १० ऑक्टोबर १८५६ चें व दुसरें २९ ऑगस्ट १८६८ चें, दोन्हीं नायगांवाहून. तिसरें २० एप्रिल १८७७ चें, जुन्नर तालुक्यांतील ओतूर येथून. डॉ. मा. गो. माळी यांनीं संपादिलेल्या समग्र वाङ्मयांत तीं समाविष्ट आहेत. हा ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळानें सन १८८८ नंतर बरोबर शंभर वर्षांनीं, म्हणजे १९८८ सालीं काढला. (१८८८ हें जोतीरावांस मुंबईंत महात्मा ही पदवी अर्पण झाली तें वर्ष.) आमचें पुढील विवेचन त्या छापील पाठास धरून आहे.

प्रथम मायन्याकडे पाहूं. तिन्हीं पत्रांचा मायना जुन्या वळणाचा आहे. नवऱ्यास स्वामी म्हणून संबोधिलें आहे आणि नमस्कार पत्नीनें पतीस करावा तसाच आहे. मायना वाचून जी बाई डोळ्यांपुढें उभी राहते ती आणि खालचा मजकूर लिहिणारी, या दोघी एक वाटत नाहींत. मजकुरांत वादविवाद आहे, बेत आहेत, अमुक मार्गानें यावें अशी सूचना आहे, दोन माणसांस पुण्यास धाडीत असल्याची वर्दी आहे. नवऱ्याच्या खांद्यास खांदा लावून काम करणाऱ्या बायकोनें त्यास पत्र कसें लिहावें, याचा मायना मराठींत त्या वेळीं तयारच नव्हता. तेव्हां सावित्रीबाईंनीं जुनाच घेतला व त्याखालीं नवा मजकूर लिहिला. साधनेंही नवींच होतीं. सरकारानें सन १८५४ त अंतर न पाहतां वजनावर टपालहंशील घेण्याची रीत पाडली आणि हलक्या पत्रास अर्धा आणा पडूं लागला. पहिलें पत्र त्यानंतर दोनच वर्षांनीं लिहिलेलें आहे. पैशाचें कार्ड निघाण्यास मात्र सन १८७९ उजाडावें लागलें.

पहिलें पत्र आजारांतून उठल्यावरचें आहे. भावानें पुष्कळ सेवा केली, बरें वाटतांच पुण्यास येईन, आपल्या गैरहजेरींत फातिमेवर कामाचा भार पडत असेल पण ती कुरकुर करणार नाहीं, असा मजकूर आधीं आहे. यापुढें भावाशीं झालेलें बोलणें सांगितलें आहे. भाऊ म्हणाला कीं, तुम्हां दोघांस जातीनें वाळींत टाकलें तें योग्यच झालें. तुम्ही महारामांगांची कामें करतां, त्यानें आपल्या कुळास कमीपणा येतो. जातीच्या रूढीनें वागावें व ब्राह्मण सांगतील तसें करावें. आईस हें रुचलें नाहीं, पण तिनें मुलास फटकारलें नाहीं. गोड शब्दांनीं त्यास आवरलें. सावित्रीबाईंनीं उत्तर दिलें. तूं गायीबकऱ्यांस प्रेमानें जवळ घेतोस, नागपंचमीस विषारी सापास दूध पाजतोस, आणि तुझ्यामाझ्यासारख्या माणसांस शिवत नाहींस. सोंवळ्यांतले ब्राह्मण तुलाही शिवत नाहींत, त्याचें काय? असा त्याचा सारांश आहे.

या उत्तराचें कौतुक आजवर पुष्कळांनीं केलें आहे व तें योग्यच आहे. आम्हांस मात्र त्याच्या पुढची ओळ अधिक महत्त्वाची वाटते. भावाचा चेहरा लाल झाला, आणि त्यानें दुसराच प्रश्न विचारला. तुम्ही त्या लोकांस शिकवितां, त्यावरून लोक तुम्हांस शिव्या देतात, त्रास देतात; तें मला सोसवत नाहीं, अशा अर्थाचें तो बोलला. म्हणजे थोड्या वेळापूर्वीं जो जातीच्या नियमाच्या नांवानें बोलत होता तो आतां बहिणीच्या नांवानें बोलूं लागला. पहिलें बोलणें त्यास लोकांनीं शिकविलेलें होतें. हें त्याचें स्वतःचें. त्याच भावानें आजारांत तिची शुश्रूषा केलेली आहे, हें पत्राच्या आरंभींच येऊन गेलें आहे. नव्या काळानें या घरांत जी फट पाडली ती मतांची असती तर वादानें बुजली असती. इथें ज्याची माया आहे त्यालाच लाज वाटते, आणि ज्याला लाज वाटते तोच उशापायथ्याशीं बसतो. सावित्रीबाईंनीं या दुसऱ्या प्रश्नास जें उत्तर दिलें तें विद्येचें माहात्म्य सांगणारें आहे: इंग्रजी राज्यांत काय होत आहे, विद्येवांचून मनुष्य पशूसारखा कसा राहतो, इत्यादि. युक्तिवाद म्हणून तें बिनतोड आहे. पण भाऊ म्हणत होता कीं, मला सोसवत नाहीं. आणि यावर उत्तर असें नसतेंच. आई शेजारीं बसून सर्व ऐकत होती. तिनें मुलीच्या जिभेवर सरस्वती आहे असें म्हटलें, व तेथें तो प्रसंग संपला. भाऊ पुढें काय म्हणाला हें पत्रांत नाहीं.

हा सर्व प्रसंग सावित्रीबाईंनीं नवऱ्यास कां लिहिला असावा? वादांत आपण जिंकलों हें कळविण्यापुरतें म्हणावें, तर भावाचें दुःख त्यांनीं गाळलें असतें. तें त्यांनीं जसेंच्या तसें ठेविलें. सन १८४९ त जोतीरावांच्या वडिलांनीं या दांपत्यास घराबाहेर काढलें होतें. सासरचें दार बंद झालेल्या बाईस माहेरचें दार उघडें राहणें किती मोलाचें असतें, हें ज्यास कळतें त्यास हें पत्र वेगळें वाचतां येईल. 'काव्यफुले' मध्यें ज्याचा जयजयकार आहे त्याची किंमत या पत्रांत मांडलेली आहे.

दुसरें पत्र आटोपशीर आहे. जोतीरावांचें पत्र पोंचल्याचें कळवून नायगांवीं घडलेली एक गोष्ट त्यांत सांगितली आहे. गणेश नांवाचा एक ब्राह्मण तरुण गांवोगांव फिरून पोथी-पंचांगावर पोट भरीत असे. महार समाजांतील सारजा नांवाच्या मुलीशीं त्याचें प्रेम जमलें. तिला सहावा महिना लागल्यावर गोष्ट फुटली, तेव्हां लोकांनीं दोघांस धरून त्यांची धिंड काढली व त्यांस ठार मारण्याचा घाट घातला. सावित्रीबाई धांवत गेल्या व खून केल्यास इंग्रजी कायद्यानें काय होईल याची भीति घालून त्यांनीं लोकांस परतविलें. दोघांनीं गांव सोडावा असें ठरलें आणि सावित्रीबाईंनीं त्यांस पुण्यास जोतीरावांकडे पाठविलें. हिंदुस्थानचा दंडसंग्रह १ जानेवारी १८६२ पासून अमलांत आला होता, म्हणजे या गोष्टीस सहासात वर्षेंच झालीं होतीं. नायगांवच्या लोकांनीं तें पुस्तक पाहिलेलें असणें शक्य नाहीं. त्याचें नांव पुरेसें झालें. पहिल्या पत्रांत इंग्रजी राज्य हा दुरून दाखविण्याचा दिवा आहे. दुसऱ्यांत तो हातांत घेऊन जमावापुढें उभें राहतां येतें. मात्र कायद्यानें जीव वांचला तरी गांव सुटलाच, हेंही त्याच पत्रांत आहे, आणि त्याबद्दल सावित्रीबाईंनीं एक शब्द अधिक लिहिलेला नाहीं.

आतां तिसरें पत्र. हें आमच्या प्रांतांतून लिहिलेलें आहे. शिनोलीच्या उत्तरेची डोंगरओळ ओलांडली म्हणजे जुन्नरचा मुलूख लागतो आणि त्यापलीकडे मांडवी नदीवर ओतूर. त्या काळीं आंबेगांव हा स्वतंत्र तालुका नव्हता. पुणें जिल्ह्याचे आठ तालुके होते, त्यांत त्याचें नांव नाहीं. सन १८७६ चा पाऊस भाद्रपद-आश्विनांत दख्खनभर फसला. खरीप करपलें व रब्बीची पेरणी साधली नाहीं. जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत झळ अधिक होती, परंतु पश्चिमेकडची माणसेंही सुटलीं नाहींत. सन १८७७ च्या आरंभीं हिंदुस्थान सरकारानें सर रिचर्ड टेंपल यांस दुष्काळी मुलखाच्या पाहणीस पाठविलें. खर्च आंखडावा हा हेतु असल्यामुळें दुष्काळी कामावरच्या पुरुषास दिवसास एक पौंड धान्य व वर एक आणा असें मान त्यांनीं धरलें. मुंबई इलाख्यांत मजुरी घटविल्यावर हजारों मजूर कामें सोडून गेले आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू घेतली.

ओतूरचें पत्र चैत्रवैशाखाच्या उन्हांत लिहिलेलें आहे. साल संपलें पण दुष्काळ संपला नाहीं, असा त्याचा आरंभ आहे. माणसें व गुरें मरत आहेत, नद्यानाले आटले आहेत, झाडांस पान नाहीं, लोक पोटचीं मुलें विकून गांव सोडीत आहेत, हें वर्णन येथें पुन्हा करवत नाहीं. सत्यशोधक समाज सन १८७३ त स्थापन झाला होता. त्याच्या मंडळींनीं गांवोगांव मदतीच्या टोळ्या केल्या होत्या, आणि त्या कामासाठीं सावित्रीबाई ओतुरास राहिल्या होत्या. ओतूरचे शास्त्री, डुंबरे पाटील वगैरे मंडळी जोतीरावांस भेटावयास येणार, त्यांनीं साताऱ्याहून आधीं ओतुरास यावें व मग नगरास जावें, असें कळविलें आहे. सावकार या संकटाचा फायदा घेत होते, दंगे होऊं लागले होते. कलेक्टर आले, गोरे शिपाई नेमले गेले, आणि पन्नास सत्यशोधक धरले गेले.

येथें थोडें थांबणें जरूर आहे. भुकेल्यांस अन्न पोंचविणाऱ्या माणसांस सरकारानें कां धरावें? पत्रांत याचें कारण दिलेलें नाहीं. आमचा तर्क पुढीलप्रमाणें आहे. घोड नदीच्या वरच्या अंगास जांभोरी हें गांव आहे. तेथील होन्या भागोजी केंगले या महादेव कोळी पुढाऱ्यानें सन १८७३ पासून सावकारांविरुद्ध बंड मांडलें होतें. कित्येक सावकारांचीं नाकें कापलीं गेलीं होतीं. सन १८७६ त मेजर डॅनिएल यांनीं त्यास पकडलें. मध्यंतरीं १२ मे १८७५ रोजीं सुप्यास सावकारांचीं घरें लुटून खतें जाळण्यांत आलीं व तें लोण पुणें आणि नगर जिल्ह्यांत पसरलें. अशा मुलखांत, त्याच्या दुसऱ्याच वर्षीं, पाटील-कुणब्यांचे जथे धान्य गोळा करीत हिंडूं लागले तर पोलिसांच्या नजरेस ते कसे दिसले असतील? कलेक्टरांनीं शिपायांस पुढें जें विचारलें त्यावरून हा तर्क बळावतो. पाटील-शेतकरी दरोडे घालतात काय, असा त्यांचा प्रश्न होता. म्हणजे आरोप दरोड्याच्याच वळणाचा असला पाहिजे.

कलेक्टरांनीं सावित्रीबाईंस बोलावून घेतलें. सन १८७७ त खेड्यांतून काम करणारी, शूद्र मानिलेल्या जातींतील एक बाई जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्यासमोर उभी राहून, माझीं माणसें खोट्या आरोपावर कां धरलीं असें विचारते, हा प्रसंग आपल्या इतिहासांत फारसा आढळणारा नाहीं. त्यांनीं माणसें सोडण्याची मागणी केली. कलेक्टरांनीं ती मान्य केली, शिपायांस रागें भरले, आणि चार बैलगाड्या ज्वारी पाठवून दिली. सावित्रीबाईंनीं त्यांचा चांगुलपणा मोकळ्या मनानें लिहिला आहे. इंग्रजी राज्याचा द्वेष या पत्रांतून काढूं पाहणारास तो मिळणार नाहीं, आणि कोणी काढल्यास आम्ही त्यास संमति देणार नाहीं.

तथापि मागच्या पत्राशेजारीं हें ठेवून पाहावें. नायगांवास १८६८ त कायद्याचें नुसतें नांव घेतांच दोन जीव वांचले. ओतुरास १८७७ त कायद्याचाच हात आधीं आपल्या माणसांवर पडला, आणि तो सोडविण्यास एका भल्या माणसाचें मन द्रवावें लागलें. कलेक्टर दुसरा असता तर? हा प्रश्न सावित्रीबाईंनीं लिहिलेला नाहीं. परंतु पत्राच्या अखेरीस, या कामांत माझाही वांटा मी उचलीन, तुम्हांस नेहमीं साह्य करीन, असें जें त्या नवऱ्यास निक्षून सांगतात, त्यांत आम्हांस त्या प्रश्नाची सांवली दिसते. एकवीस वर्षांपूर्वीं भावास इंग्रजी राज्याचा दाखला देणारी ही बाई येथें दाखला देत नाहीं. आपल्या माणसांच्या अंगावर भार घेते. पुढील महिन्यांत, मे १८७७ त, सत्यशोधक समाजातर्फें दुष्काळपीडितांच्या मुलांसाठीं मदतीची विनंति जोतीरावांनीं प्रसिद्ध केली. त्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या सन १८८३ त पुऱ्या झालेल्या ग्रंथांत गोऱ्या कामगारांच्या ऐषआरामास व बेपर्वाईस खरपूस शब्द आहेत. त्या ग्रंथाच्या सहा वर्षें आधीं ओतुराहून जें पत्र गेलें त्यांत तसा एकही शब्द नाहीं. पण ज्या अनुभवांतून असे शब्द निघतात तो आहे.

चिपळूणकरांच्या अस्वस्थतेहून ही वेगळी आहे हें आतां स्पष्ट होईल. जुनें गेलें म्हणून सावित्रीबाई हळहळत नाहींत. जुन्यानें त्यांस दिलें काय होतें? ज्या नव्यावर सारी आशा ठेवली तें भावास पोंचवितां आलें नाहीं, सारजेस गांवांत ठेवूं शकलें नाहीं, आणि पन्नास निरपराध माणसांस ओळखूं शकलें नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. यांतील एकही गोष्ट त्यांनीं कवितेंत घातली नाहीं. सन १८९२ त त्यांचें 'बावन्नकशी सुबोध रत्नाकर' प्रसिद्ध झालें, तेंही जोतीरावांच्या गौरवाचें आहे. १० मार्च १८९७ रोजीं प्लेगाच्या रोग्यांची सेवा करतांना त्याच रोगानें त्यांचा अंत झाला.

जोतीरावांचें जें पत्र पोंचल्याचा उल्लेख १८६८ च्या पत्रांत आहे तें संग्रहांत नाहीं. एकवीस वर्षांत मिळून तीन पत्रें, तींही एकाच बाजूचीं, एवढाच हा पत्रव्यवहार आपल्या हातीं आहे. ओतूर, जुन्नर, घोडेगांव, मंचर या बाजूच्या ज्या घरांतून दुष्काळाच्या सालांतले कागद असतील त्यांनीं ते रुमाल सोडून पाहावे, आणि त्यांत बायकांच्या हातचीं पत्रें आढळल्यास, मजकूर कितीही किरकोळ वाटला तरी, नक्कल करून या त्रैमासिकाकडे पाठवावी. अस्सल घरींच राहूं द्यावें. शिनोलीच्या आजींनीं तें दुधाच्या हिशेबाचें कार्ड आम्हांस उतरून घेऊं दिलें. हिशेब एकूण चौदा दिवसांचा आहे. त्याखालचीं अक्षरें पुसट झालीं असून तीं लावण्याचें काम चाललें आहे.